घोटाळ्याचा नायक आणि हरवलेला सबनीस : तेलगी प्रकरणाच्या कथनाची चिकित्सा व कर्तव्यविभाजनाचे तत्त्व

गोषवारा

आर्थिक गैरव्यवहारांची आपल्याकडील कथने बहुधा व्यक्तिकेंद्री असतात. त्यांतून अपहार करणाऱ्या माणसाचे चित्र ठळक उभे राहते. ज्या कार्यपद्धतीमुळे अपहार शक्य झाला, ती मात्र अंधारात राहते. प्रस्तुत लेखात बनावट मुद्रांक प्रकरणावरील ‘स्कॅम २००३ : द तेलगी स्टोरी’ या मालिकेची (२०२३) या दृष्टीने चिकित्सा केली आहे. त्यासाठी कर्तव्यविभाजनाचे तत्त्व हा निकष घेतला आहे. एकाच व्यवहाराची मंजुरी, मालाचा ताबा, नोंद आणि पडताळणी ही कामे एका हाती असू नयेत, असे हे तत्त्व सांगते. शिवकालीन गडव्यवस्था व पेशवाईतील दरकदारांची पद्धत यांत हे तत्त्व मराठी मुलुखाला परिचित होते आणि त्याच्या ऱ्हासाचा इतिहासही आपल्यापाशी आहे, हे लेखात दाखवले आहे. अखेरीस महाविद्यालयीन कारभाराच्या संदर्भात या तत्त्वाचा विचार केला आहे.

बीजसंज्ञा : कर्तव्यविभाजन, मुद्रांक, अपहार, संगनमत, दरकदार, ताळमेळ, पडताळणी.

१. प्रस्तावना

नाशिकच्या गंगापूर रोडने जाताना महाविद्यालये, बँकांच्या शाखा, पतसंस्था, रुग्णालये आणि शिकवणी वर्ग यांच्या पाट्या एकामागून एक दिसत जातात. या सर्व संस्थांच्या आत एक समान दृश्य असते : एक खिडकी, खिडकीमागे एक कर्मचारी आणि त्याच्यापुढे पावतीपुस्तक किंवा संगणक. लोकांचा पैसा या खिडकीतून आत जातो. तो पुढे सुरक्षित राहतो की नाही, हे खिडकीमागच्या माणसाच्या सचोटीवर अवलंबून आहे, असा सर्वसाधारण समज असतो. हा समज अपुरा आहे आणि आपल्याकडील घोटाळ्यांच्या कथा तो अधिक घट्ट करतात, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

याच शहराच्या दुसऱ्या टोकाला, नाशिकरोड येथे, भारत प्रतिभूती मुद्रणालय आहे. १९२५ मध्ये येथे छपाई सुरू झाली. तत्पूर्वी भारताची टपाल तिकिटे व मुद्रांक इंग्लंडमधील डी ला रू कंपनीकडून छापून येत असत. नाशिककरांच्या बोलण्यात ते केवळ ‘प्रेस’ असते. अब्दुल करीम तेलगी याच्या बनावट मुद्रांक प्रकरणाच्या तपासात या मुद्रणालयाचे नाव आले आणि ‘प्रेस’ हा शब्द काही काळ वेगळ्या अर्थाने देशभर उच्चारला गेला. त्यामुळे या प्रकरणाचे कथन कसे होते, हा प्रश्न नाशिकच्या अभ्यासकाला परका नाही.

२. तत्त्वाचे स्वरूप

कोणत्याही आर्थिक व्यवहाराचे चार घटक पाडता येतात. व्यवहारास मंजुरी देणे, पैसा अथवा माल ताब्यात ठेवणे, त्याची नोंद करणे आणि नोंद व प्रत्यक्ष शिल्लक यांचा ताळमेळ घेणे. हे चारही घटक एका व्यक्तीकडे असतील, तर त्या व्यक्तीला पैसा काढता येतो आणि काढल्याची खूणही पुसता येते. यांतील दोन घटक जरी वेगळ्या हाती गेले, तरी अपहार करण्यासाठी दुसऱ्या कोणाला तरी सामील करून घ्यावे लागते. दुसऱ्याला विचारणे म्हणजे उघडकीस येण्याचा धोका पत्करणे. हा धोका वाढवणे हेच कर्तव्यविभाजनाचे कार्य आहे.

संगणकशास्त्रात जेरोम सॉल्ट्झर व मायकेल श्रोडर यांनी १९७५ च्या निबंधात दोन किल्ल्यांच्या कुलपाचे उदाहरण घेऊन हा विचार मांडला. पुढे डेव्हिड क्लार्क व डेव्हिड विल्सन यांनी १९८७ मध्ये एक महत्त्वाचा भेद दाखवला. लष्करी सुरक्षेची चिंता गुपित बाहेर फुटू नये ही असते; व्यापारी सुरक्षेची चिंता नोंदीत फेरफार होऊ नये ही असते. त्यासाठी त्यांनी कर्तव्यविभाजनाला केंद्रस्थानी ठेवले. तिजोरीचे कुलूप बाहेरच्या चोरासाठी असते. ज्याच्याकडे किल्ली आहे, त्याच्यासाठी कुलूप पुरत नाही. ‘चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या’ ही आपली म्हण हेच सांगते. तिच्यात एक भर मात्र घालावी लागेल : किल्ली सज्जनाच्या हाती असली, तरी ती एकाच सज्जनाच्या हाती असू नये.

३. मालिकेचे कथन

‘स्कॅम २००३’ ही मालिका २०२३ मध्ये दोन भागांत प्रदर्शित झाली. संजय सिंह यांच्या ‘रिपोर्टर की डायरी’ या हिंदी पुस्तकावर ती आधारित असून दिग्दर्शन तुषार हिरानंदानी यांचे, तर एकूण सूत्रधार हंसल मेहता आहेत. गगन देव रियार यांनी तेलगीची भूमिका केली आहे. बेळगाव जिल्ह्यातील खानापूरचा, रेल्वेत फळे विकणारा एक तरुण मुंबईत येतो, आखाती देशात जाऊन परततो आणि मुद्रांकांच्या व्यवहारात शिरतो, या चढत्या आलेखावर कथा उभी आहे. रियार यांचा अभिनय संयत आहे. साधा, हसतमुख, समोरच्याची गरज अचूक ओळखणारा माणूस त्यांनी विश्वसनीय केला आहे. कचेऱ्यांतील वातावरण, लाच देण्याघेण्याची सांकेतिक भाषा आणि मध्यस्थांची साखळी यांचे चित्रणही सूक्ष्म आहे. या गुणांची नोंद आधी घेतली पाहिजे.

आक्षेप आहे तो कथनाच्या केंद्राविषयी. मालिका प्रत्येक टप्प्यावर ‘हा माणूस आता काय युक्ती करील?’ हा प्रश्न प्रेक्षकाच्या मनात जागा ठेवते. युक्ती यशस्वी झाली की प्रेक्षकाला एक प्रकारचा आनंद होतो. या रचनेत अधिकारी हे लोभी किंवा प्रामाणिक, शूर किंवा भित्रे अशा स्वभावविशेषांनी ओळखले जातात. त्यांच्याकडे कोणते काम होते, ते काम आणखी कोण तपासत होते, तपासणाऱ्याची बढती-बदली कोणाच्या हाती होती, हे प्रश्न कथेच्या ओघात मागे पडतात. व्यवस्था दिसते ती विकत घेता येणाऱ्या माणसांचा समूह म्हणून. ती कामांची रचना आहे, हे दिसत नाही.

कोणी म्हणेल, की ललित कृतीकडून लेखापरीक्षण अहवालाची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. हा आक्षेप अंशतः मान्य आहे. नाट्याला माणूस लागतो. कार्यपद्धतीला संवाद म्हणता येत नाहीत. परंतु याच सूत्रधारांच्या ‘स्कॅम १९९२’ या मालिकेने (२०२०) बँक रिसीट हा रूक्ष विषय प्रेक्षकाला समजेल अशा रीतीने उलगडून दाखवला होता. त्या मालिकेचा प्रेक्षक रोखे न देताही रोख्यांची पावती कशी दिली गेली, हे सांगू शकतो. ‘स्कॅम २००३’चा प्रेक्षक मुद्रांकाचा हिशेब कोठे तुटला, हे त्या नेमकेपणाने सांगू शकेल असे वाटत नाही. माध्यमाची मर्यादा हे कारण येथे पुरेसे ठरत नाही. निवड वेगळी झाली आहे.

या निवडीचा सामाजिक परिणाम होतो. दोष माणसात आहे असे एकदा ठरले, की उपाय माणूस पकडण्यापाशी संपतो. तेलगीला नोव्हेंबर २००१ मध्ये अजमेर येथे अटक झाली. २००७ मध्ये पुण्याच्या विशेष न्यायालयाने त्याला सक्तमजुरी व २०२ कोटी रुपयांचा दंड सुनावला. ऑक्टोबर २०१७ मध्ये शिक्षा भोगत असताना बंगळूर येथे त्याचा मृत्यू झाला. कथा म्हणून वर्तुळ पूर्ण झाले. तत्त्वाच्या दृष्टीने खरा प्रश्न येथून सुरू होतो.

४. मुद्रांकाचा प्रवास : मालिकेने न विचारलेले प्रश्न

मुद्रांक हा कागद असला, तरी तो शासनाने आगाऊ घेतलेल्या कराची पावती आहे. मागणीपत्र, छपाई, वाहतूक, कोषागार, परवानाधारक विक्रेता, खरेदीदार आणि दस्त असा त्याचा प्रवास होतो. या साखळीत नियमांची वाण नव्हती. भारतीय मुद्रांक अधिनियम १८९९ चा, तर मुंबई मुद्रांक अधिनियम १९५८ चा. त्रुटी होती ती टोकांचा मेळ घालण्यात. किती छापले, किती कोषागारात पोहोचले, किती विकले गेले आणि किती दस्तांवर प्रत्यक्ष लागले, हे चार आकडे चार ठिकाणी राहतात. ते एकत्र आणून परस्परांशी ताडून पाहणे हे साखळीतील कोणाचे स्वतंत्र व नियमित कर्तव्य असल्याचे दिसत नाही.

तेलगीने १९९४ मध्ये मुद्रांक विक्रीचा परवाना मिळवला. त्याच्या जाळ्याचे मोठे ग्राहक बँका, विमा कंपन्या आणि दलाली पेढ्या यांसारख्या संस्था होत्या, ही बाब या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. जमिनीचे खरेदीखत दुय्यम निबंधकापुढे नोंदणीसाठी जाते. तेथे निदान एक परका डोळा मुद्रांकावर पडतो. विमापत्र किंवा समभाग हस्तांतरणाचा दस्त अशा निबंधकापुढे जात नाही. मुद्रांक विकत घेणारी संस्थाच तो दस्ताला लावते आणि दस्तही आपल्याच कपाटात ठेवते. खरेदी, वापर आणि जतन ही तिन्ही कामे तेथे एका छताखाली येतात. बनावट माल स्वाभाविकपणे तेथे वळला, जेथे पाहणारा दुसरा कोणी नव्हता. यासाठी अलौकिक बुद्धिमत्तेची गरज नव्हती. रिकामी जागा ओळखण्याची गरज होती.

दुसरा मुद्दा यंत्रांचा. नाशिकच्या मुद्रणालयातील कालबाह्य ठरवलेली छपाई यंत्रसामग्री या जाळ्याच्या हाती पोहोचल्याचे तपासाच्या काळात पुढे आले. मालिकेतही नाशिकचा संदर्भ येतो. अशा यंत्राच्या विल्हेवाटीत किमान चार कर्तव्ये असतात : यंत्र निरुपयोगी ठरवणे, ते पुन्हा वापरता येणार नाही इतके मोडणे, भंगार म्हणून लिलाव करणे आणि फाटकातून बाहेर जाणारी वस्तू कागदावरच्या वर्णनाशी जुळते का हे पाहणे. ही चार कामे चार स्वतंत्र हातांत असतील आणि चौथ्या माणसाला पहिल्याचे आदेश मानण्याची सक्ती नसेल, तर धडधाकट यंत्र भंगाराच्या नावाखाली बाहेर पडणे अवघड होते. यंत्र बाहेर कसे गेले, याचे उत्तर ‘कोणी पैसे खाल्ले’ एवढेच नाही. या चार कामांपैकी कोणती दोन एकत्र आली होती, हे त्याचे खरे उत्तर आहे.

तिसरा मुद्दा घोटाळ्याच्या रकमेचा. या प्रकरणात वीस हजार, तीस हजार कोटी असे आकडे वारंवार सांगितले गेले. प्रत्यक्ष खटल्यांतील रकमा त्याहून फार लहान होत्या. ही तफावत केवळ वृत्तपत्रीय अतिशयोक्तीची नव्हे. खऱ्या मुद्रांकांचा टोकापासून टोकापर्यंत ताळमेळ असता, तर खोट्यांची संख्या वजाबाकीने काढता आली असती. वजाबाकी करता आली नाही, कारण मुळात दोन स्वतंत्र नोंदीच नव्हत्या. हानीचे मोजमाप करता न येणे हे कर्तव्यविभाजनाच्या अभावाचे सर्वांत गंभीर लक्षण होय.

याला जोडून आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. २०१८ च्या अखेरीस नाशिकच्या न्यायालयाने या प्रकरणाशी संबंधित एका खटल्यात मृत तेलगीसह इतर आरोपींना पुराव्याअभावी निर्दोष ठरवले. न्यायालयाचा निर्णय शिरोधार्य आहे. मात्र त्यातून एक सर्वसाधारण बोध घेता येतो. दोष सिद्ध करणारा आणि निर्दोषत्व सिद्ध करणारा पुरावा एकाच ठिकाणाहून येतो. व्यवहार चालू असतानाच परस्परांपासून स्वतंत्र माणसांनी केलेल्या नोंदींतून. अशा नोंदी नसतील तर अपराधी सुटू शकतो आणि निरपराध माणूस वर्षानुवर्षे संशयाखाली राहू शकतो.

५. गडावरचे तीन अधिकारी

कर्तव्यविभाजन ही पाश्चात्त्य व्यवस्थापनशास्त्राची आयात आहे, असे आपल्या पाठ्यपुस्तकांवरून वाटते. मराठी इतिहासाची साक्ष वेगळी आहे. कृष्णाजी अनंत सभासद याने राजाराम महाराजांच्या काळात, १६९७ च्या सुमारास लिहिलेल्या बखरीत शिवाजी महाराजांच्या गडव्यवस्थेचे वर्णन येते. प्रत्येक गडावर हवालदार, सबनीस व सरनोबत हे अधिकारी असत आणि त्यांनी मिळून कारभार करावा अशी योजना होती. याशिवाय धान्य व युद्धसामग्री यांच्या जमाखर्चासाठी कारखानीस असे. गड ज्याच्या ताब्यात, त्याच्याकडे हिशेब नाही. हिशेब ज्याच्याकडे, त्याच्या हाती शिपाई नाहीत. शत्रूने एकाला फितवले, तरी गड जात नाही.

नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे जन्मलेल्या न्यायमूर्ती म. गो. रानडे यांनी १९०० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या मराठी सत्तेच्या उदयावरील ग्रंथात या रचनेची प्रशंसा केली. हवालदार मराठा, सबनीस ब्राह्मण आणि कारखानीस प्रभू असे. त्यामुळे त्यांचा परस्परांवर वचक राही, हे त्यांनी आवर्जून नोंदवले. या प्रशंसेकडे आज चिकित्सक दृष्टीने पाहणे आवश्यक आहे. कामांची विभागणी आणि जातींची विभागणी या दोन भिन्न गोष्टी तेथे एकत्र आल्या आहेत. पहिली गोष्ट तत्त्व आहे. दुसरी त्या काळातील समाजरचनेतून उचललेले साधन. जातींमधील अंतर हीच संगनमताविरुद्धची भिंत मानली, तर भिंत टिकवण्यासाठी अंतरही टिकवावे लागते. आधुनिक संस्थेला हे साधन वर्ज्य आहे. तिला स्वातंत्र्याची हमी सेवानियम, नियतकालिक बदली आणि वेगवेगळ्या वरिष्ठांकडे असलेले उत्तरदायित्व यांतून निर्माण करावी लागते.

पेशवाईत ही पद्धत मुलकी कारभारात विस्तारली. दिवाण, मुजुमदार, फडणीस, सबनीस, कारखानीस, चिटणीस, जामदार व पोतनीस असे दरकदार मामलतदाराच्या कारभारावर नजर ठेवीत. त्यांना काढून टाकण्याचा अधिकार मामलतदाराला नव्हता, ही त्यातील मर्माची बाब होय. ज्याला तपासायचे, त्याच्याच मर्जीवर तपासनिसाची नोकरी अवलंबून नसावी, हा आजच्या लेखापरीक्षणाचा पहिला धडा तेथे आचरणात होता.

मग ही व्यवस्था गेली कोठे? तिचे उत्तर आपल्या हजेरीपटात आहे. फडणीस, मुजुमदार, चिटणीस, सबनीस, कारखानीस, जामदार, पोतनीस ही आज आडनावे आहेत. काम वंशपरंपरेने चालू लागले. पदाचे वतन झाले आणि वतनाचे आडनाव. आज्ञापत्रकार रामचंद्रपंत अमात्यांनी वतनदारांना राज्याचे भागीदार समजून सावध राहण्याचा जो इशारा दिला, त्याचा रोख याच प्रवृत्तीकडे होता. तपासणारा आणि ज्याला तपासायचे तो, दोघेही पिढ्यान् पिढ्या त्याच गावी, त्याच पदावर राहिले, की विभाजन केवळ नावापुरते उरते. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती इजाऱ्याने, जास्त बोली बोलणाऱ्यास दिल्या जाऊ लागल्या, तेव्हा उरलासुरला अंकुशही निरर्थक झाला. ज्याने आगाऊ पैसे भरून महालच विकत घेतला, त्याला सही अडवून धरणारा दरकदार कसा चालेल?

६. विभाजन आणि संगनमत

यावर एक गंभीर आक्षेप घेता येतो. विभाजन असूनही घोटाळे होतात. मग तत्त्वाचा उपयोग काय? कौटिल्याला हा प्रश्न ठाऊक होता. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात अपहाराचे चाळीस प्रकार सांगून तो अधिकाऱ्यांविषयी एक मार्मिक पेच मांडतो : ते एक झाले तर खातील, भांडले तर काम बुडवतील. म्हणून प्रत्येक खात्यात एकाहून अधिक प्रमुख असावेत आणि ते कायम नसावेत, असा त्याचा सल्ला आहे. यातील दुसरा भाग आपण सोयीस्करपणे विसरतो. विभाजनाला अस्थैर्याची जोड नसेल, तर वेगळे केलेले हात कालांतराने हस्तांदोलन करू लागतात.

अलीकडच्या काळातील तीन उदाहरणे हे स्पष्ट करतील. १९९२ च्या रोखे घोटाळ्यात व्यवहार ठरवणे, रोखे ताब्यात घेणे आणि नोंद करणे यांतील सीमा पुसल्या गेल्या होत्या. बँक ऑफ कराडसारख्या आपल्या राज्यातील छोट्या बँकेच्या पावत्या मागे रोखे नसताना बाजारात फिरल्या. जानकीरामन समितीच्या चौकशीनंतर रिझर्व्ह बँकेने व्यवहार, पूर्तता व देखरेख आणि लेखांकन यांची स्पष्ट फारकत बंधनकारक केली. १९९५ मध्ये बेअरिंग्ज ही इंग्लंडमधील जुनी बँक बुडाली, कारण सिंगापूरमधील निक लीसन हा एकच माणूस सौदेही करत होता आणि सौद्यांची नोंद ठेवणाऱ्या विभागाचाही प्रमुख होता. येथे विभाजनच नव्हते.

तिसरे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. २०१८ मध्ये पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतील ब्रॅडी हाउस शाखेतील हमीपत्रांचा घोटाळा उघडकीस आला. त्याची रक्कम तेरा हजार कोटींच्या वर गेली. हमीपत्राचा संदेश स्विफ्ट प्रणालीतून पाठवण्यासाठी संदेश तयार करणारा व तो तपासणारा असे वेगवेगळे कर्मचारी नेमण्याची पद्धत होती. म्हणजे कागदावर सबनीसही होता आणि कारखानीसही. परंतु स्विफ्ट प्रणाली बँकेच्या मुख्य लेखाप्रणालीशी जोडलेली नव्हती, त्यामुळे संदेश गेला तरी खात्यात नोंद होत नव्हती. संबंधित अधिकारी त्याच शाखेत वर्षानुवर्षे राहिला होता आणि पासवर्ड एकापेक्षा अधिक हातांत असल्याचे आरोप झाले. पासवर्ड सांगून टाकणे म्हणजे सबनिसाने आपला शिक्का हवालदाराच्या घरी ठेवून जाणे होय. विभाजन रद्द झाल्याचा आदेश कोठेही निघत नाही. ते सोयीपोटी, ओळखीपोटी, कामाच्या घाईपोटी विरघळते.

या उदाहरणांवरून तत्त्व निष्फळ ठरत नाही. त्याच्या अटी स्पष्ट होतात. हात वेगळे हवेत, ते परस्परांच्या अधीन नकोत, ते वेळोवेळी बदलले पाहिजेत आणि त्यांच्या नोंदी तिसऱ्याने ताडून पाहिल्या पाहिजेत. चारपैकी एक अट सुटली, तरी उरलेल्या तीन शोभेपुरत्या राहतात.

७. अविश्वास की संरक्षण?

आपल्या संस्थांत या तत्त्वाला होणारा विरोध क्वचितच आर्थिक असतो. तो भावनिक असतो. ‘इतकी वर्षे हे काम एकटे सांभाळतात, त्यांच्यावर संशय घ्यायचा का?’ हे वाक्य प्रत्येक कार्यालयात ऐकू येते. पतसंस्था असो वा शिक्षणसंस्था, ‘सगळे विश्वासावर चालते’ हे आपण अभिमानाने सांगतो.

प्राध्यापकवर्गाने या युक्तिवादाची परीक्षा आपल्याच अनुभवावर करावी. विद्यापीठीय परीक्षेत एकाहून अधिक प्रश्नपत्रिका-संच काढून घेतले जातात आणि कोणता वापरला जाणार हे ते काढणाऱ्याला ठाऊक नसते. उत्तरपत्रिकेवरील बैठक क्रमांक झाकला जातो. परीक्षकाने दिलेले गुण नियामक तपासतो. निकाल तयार करण्याचे काम त्या दोघांकडेही नसते. यामुळे आपला अपमान झाला, असे कोणाही परीक्षकाला वाटत नाही. उलट, निकालावर आक्षेप आला तर ही पद्धतच परीक्षकाच्या पाठीशी उभी राहते. जे तत्त्व गुणांच्या बाबतीत आपण प्रतिष्ठेचे मानतो, तेच पैशाच्या बाबतीत अविश्वासाचे कसे ठरते?

महाविद्यालयाच्या कार्यालयात मात्र शुल्क स्वीकारणारा, पावती देणारा, रोजकीर्द लिहिणारा आणि बँकेत भरणा करणारा अनेकदा एकच कर्मचारी असतो. खरेदी समितीच्या सह्या पुष्कळदा खरेदीनंतर घेतल्या जातात. भांडार नोंदवही ज्याच्याकडे, त्याच्याकडेच भांडाराची किल्ली असते. ऑनलाइन भरण्यामुळे रोख रक्कम कमी झाली हे खरे. पण शुल्कमाफी, परतावा आणि शिष्यवृत्ती यांच्या नोंदी बदलण्याचा अधिकार एकाच लॉगिनला असेल, तर खिडकी बंद होऊनही प्रश्न तसाच राहतो.

मनुष्यबळ कमी आहे, ही अडचण खरी आहे. रिक्त पदांच्या काळात चार कामांसाठी चार माणसे कोठून आणायची? येथे तत्त्वाचा अट्टहास न धरता त्याचा गाभा जपावा. दोनच कर्मचारी असतील, तर ताबा एकाकडे व नोंद दुसऱ्याकडे द्यावी. एकच असेल, तर बँकेचे मासिक विवरण त्याच्या हाती जाण्यापूर्वी प्राचार्यांनी किंवा एखाद्या प्राध्यापकाने स्वतः उघडून रोजकीर्दीशी ताडावे. वर्षातून किमान काही दिवस त्या कर्मचाऱ्याने सक्तीने रजेवर जावे आणि त्याचे काम दुसऱ्याने पाहावे. जो अपहार रोज झाकावा लागतो, तो अशा रजेत उघडा पडतो. यांतील कोणत्याही उपायाला नवे पद लागत नाही.

या सगळ्यात सर्वाधिक लाभ प्रामाणिक कर्मचाऱ्याचा आहे. रक्कम कमी भरली आणि सर्व कामे एकाच्याच हाती होती, तर संशय त्याच्यावरच येतो आणि तो निर्दोष असला तरी ते दाखवण्याचे साधन त्याच्याकडे नसते. दुसऱ्याची स्वतंत्र नोंद हे त्याचे कवच असते. म्हणून कर्तव्यविभाजन नाकारणाऱ्या संस्थेने आपल्या कर्मचाऱ्यावर विश्वास टाकलेला नसतो. तिने त्याला एकटे टाकलेले असते.

८. निष्कर्ष

१) ‘स्कॅम २००३’ ही मालिका अभिनय व वातावरणनिर्मिती या दृष्टीने उल्लेखनीय असली, तरी तिचे कथन व्यक्तीच्या चातुर्यावर केंद्रित आहे. मुद्रांकाच्या हिशेबाची साखळी कोठे तुटली, याचे आकलन ती प्रेक्षकाला देत नाही.

२) तेलगी प्रकरणात नियमांपेक्षा ताळमेळाचा अभाव अधिक निर्णायक दिसतो. जेथे खरेदी, वापर व जतन एका छताखाली होते, तेथे बनावट मुद्रांकाला वाट मिळाली. पुढे फ्रँकिंग व ई-मुद्रांक आले. पण साधन बदलल्याने विभाजन आपोआप होत नाही, हे २०१८ च्या बँक प्रकरणाने दाखवले.

३) शिवकालीन गडव्यवस्था व दरकदार पद्धत यांतून या तत्त्वाची देशी परंपरा सिद्ध होते. तिचे गौरवीकरण करताना जातीय अंतरावर आधारलेले तिचे साधन वेगळे काढून टाकणे आणि वंशपरंपरेमुळे झालेला तिचा ऱ्हास ध्यानात घेणे आवश्यक आहे.

४) विभाजन, स्वातंत्र्य, बदली आणि ताळमेळ या चार अटी एकत्रच परिणामकारक ठरतात.

५) महाविद्यालयांनी परीक्षा विभागात रुळलेली शिस्त लेखा, भांडार व शिष्यवृत्ती विभागांत आणावी. वाणिज्य, इतिहास व मराठी या तिन्ही विभागांना मिळून या विषयावर विद्यार्थ्यांचे प्रकल्प घेता येतील. मोडी कागदपत्रांतील दरकदारांच्या नोंदी आणि आजच्या कार्यालयीन कार्यपद्धती यांचा तौलनिक अभ्यास हा त्यासाठी उपयुक्त प्रारंभ ठरेल.

घोटाळ्याची पुढची मालिका येईलच आणि तिलाही एक नायक मिळेल. प्रेक्षकाने त्या वेळी नायकाबरोबर त्याच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडेही पाहावे. ती खुर्ची सबनिसाची होती. ती कोणी, केव्हा आणि कोणत्या सोयीसाठी रिकामी केली, हे विचारणारे कथन मराठीत अजून लिहिले जायचे आहे.